चेंडू गवतावरच

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटपासून सांता क्लाऱ्यापर्यंत राहणाऱ्या तमाम मराठी माणसांनी मिळून जन्मभरात जेवढा संशय घेतला नसेल, तेवढा माझे धाकटे दीर एका शनिवारी सकाळी, नाश्त्याच्या आत घेत असत. यात अतिशयोक्ती वाटत असेल तर तुम्ही त्यांना भेटलेला नाहीत, एवढंच म्हणेन. व्यवसायाने ते टेस्टर. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक आहेच असं धरून चालायचं आणि ती सापडेपर्यंत उठायचं नाही, याचा त्यांना पगार मिळे. बाकीचे टेस्टर हा स्वभाव संध्याकाळी ऑफिसात ठेवून येतात, आमचे भाऊजी तो घरी आणत. दुधाच्या कॅनवरची तारीख बघून ते आधी तारखेवर संशय घेत आणि मग दुधावर. शेजारचे अमेरिकन आजोबा रोज सकाळी हात हलवून गुड मॉर्निंग म्हणत. "रोज? न चुकता? वैनी, माणूस एवढा चांगला नसतोय," असं म्हणून भाऊजींनी महिनाभर मागच्या दाराने जा-ये केली. मी पोह्यांत काजू घातले की बशी हातात घ्यायच्या आधी विचारत, "काय काम काढलंय?" आता काम असायचं ही गोष्ट वेगळी, पण म्हणून काय तोंडावर विचारायचं?

माझं सासर कोल्हापूरचं. मी पुण्याची असल्यामुळे लग्न होईपर्यंत माझी समजूत होती की मराठी माणूस क्रिकेट खेळतो आणि फुटबॉल फक्त टीव्हीवर असतो. कोल्हापुरात पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात आणि त्यांच्या सामन्यांवरून सख्खे भाऊ आठवडा आठवडा बोलत नाहीत, हे मला सासरी गेल्यावर कळलं. तर अशा पेठेतून आलेल्या भाऊजींनी दोन हजार तीनच्या सुमारास फ्रीमाँटच्या पार्कात आपल्या लोकांची मुलं चेंडूमागे कळपाने पळताना पाहिली आणि त्यांच्याच्याने ते बघवेना. दोन महिन्यांत क्लब उभा राहिला. सहा वर्षांची चिल्लीपिल्ली, त्यांच्यावरची दहापर्यंतची, रविवारी संध्याकाळी आम्ही आयांनी खेळायचं आणि आमच्यानंतर पोटं सुटलेल्या बापांनी. आणि या सगळ्यांनी खेळायचं एकाच पद्धतीने. चेंडू गवत सोडणार नाही. गोलकीपरने जवळच्याला द्यायचा, त्याने त्याच्या जवळच्याला, वाट नसेल तर मागे द्यायचा, पण उचलून लांब मारायचा नाही. कोणीही, कधीही, कितीही संकट आलं तरी. मी एकदा घाबरून चेंडू पार पार्किंग लॉटपर्यंत मारला तर भाऊजी खेळ थांबवून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "वैनी, चेंडू आहे तो, कटकट न्हवं. लांब फेकून मिटत न्हाई."

या तत्त्वज्ञानाचा उगम मला बऱ्याच दिवसांनी माझ्या नवऱ्याकडून कळला. त्यांच्या लहानपणी बोळात सगळ्यांत मिळून एकच चेंडू होता. तो उंच गेला की कौलांवर अडके किंवा शेजारच्या काकूंच्या अंगणात पडे, आणि काकू तो परत देत नसत. ज्याने उंच मारला त्याच्याशी मग कोणी बोलायचं नाही. कॅलिफोर्नियात एवढी मोठी मैदानं, चेंडूंनी भरलेली पोती, तरी भाऊजींच्या मनात त्या काकू अंगणात उभ्याच होत्या.

आता एवढा कडक नियम केला म्हटल्यावर तो कोण मोडतंय याचा शोध घेणं ओघानेच आलं. त्यांचा सगळ्यात जास्त संशय बापांवर. आठवडाभर आपण शिकवतो आणि हे लोक बॅकयार्डात पोरांना चोरून लांब किक शिकवतात, अशी त्यांची खात्री होती. अमेरिकेत फोन केल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही, पण भाऊजी खुशाल चहाला टपकत आणि कप हातात घेऊन मागच्या कुंपणाच्या फळ्या तपासत. फळीवर वरच्या अंगाला चिखलाचा ठसा दिसला की संपलं. पार्कातले पाण्याचे फवारे नेमके आमच्या सरावाच्या वेळी सुरू झाले की त्यामागे दुसऱ्या क्लबचा हात. समोरच्या संघाच्या आयांनी हाफ टाइमला आमच्या पोरांना संत्र्याच्या फोडी दिल्या तर त्या आधी स्वतः खाऊन बघत, आणि बऱ्याच खाऊन बघत. पोरांनाही त्यांनी हेच शिकवलं होतं. "लांब मार असं कोणी पण सांगितलं तर ऐकायचं नाही. बाबा असू दे, आई असू दे, रेफरी असू दे."

आमची मुलगी सई दहापर्यंतच्या संघाची गोलकीपर होती. तिने विचारलं, "ईव्हन यू, काका?"

"माझं तर अजिबात ऐकायचं नाही," भाऊजी म्हणाले. "मला कोणीतरी फितवलेलं असंल."

आपल्याला काढून टाकायचा कट शिजतोय, असं भाऊजी पहिल्या वर्षापासून म्हणत. कट कसला, लोकांना पार्किंग शोधण्यातून सवड नव्हती. पण सांगून सांगून की काय कोण जाणे, दोन हजार सातमध्ये तो खरंच शिजला. क्लबमधले साने म्हणून एक बाप होते, सांता क्लाऱ्याला मोठे मॅनेजर. त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला केक कापल्यावर विषय निघाला. आपली मुलं दिसायला छान खेळतात, पण हरतात. बाकीच्या क्लबांच्या घरी ट्रॉफ्या. पगारी कोच आणू या, जो पोरांना जोरात मारायला शिकवेल. माणसं सरळ होती, म्हणून आमच्याच दिवाणखान्यात येऊन भाऊजींच्या तोंडावर बोलली. दहा वर्षांखालचा संघ स्प्रिंग टूर्नामेंटच्या फायनलला गेला तर काहीच बदलायचं नाही. नाही गेला तर अख्खा क्लब पगारी कोचकडे.

भाऊजींनी शांतपणे चहा संपवला. मंडळी गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, म्हणत हुतो का न्हाई?" इतके खूष मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. ती खुशी जेमतेम तासभर टिकली. भांडी लावून मी बाहेर आले तर ते पायरीवर बसले होते. एकटा माणूस, लग्न केलं नाही, मुलींवर संशय नव्हता पण मध्यस्थांवर फार होता. म्हणाले, "वैनी, ऑफिसात मी चुका हुडकतो. चूक मिटली की माझं काम पण मिटलं, मागं काय उरत न्हाई. हे एकच हाय जे माझ्या हातनं उभं राहिलं." मी आत जाऊन पोहे केले, काजू घालून, आणि त्यांनी काहीही न विचारता खाल्ले. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

फायनलच्या आधीच्या शेवटच्या सामन्यात गणित सोपं होतं. जिंकलो तर फायनल, बरोबरी झाली तरी घरी. आमचा एक गोल झाला होता, त्यांचा एकही नाही, आणि वेळ संपत आली होती. त्यांची दांडगी पोरं आमच्या गोलपाशी गोळा झाली होती आणि चेंडू सईच्या हातात होता. तिने तो नुसता उचलून लांब भिरकावला असता तरी काम झालं असतं. साने श्वास रोखून उभे, माझा नवरा डोळे मिटून उभा. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "सई, मार! लांब मार!"

भाऊजीच ओरडले होते.

सईने वळून बघितलं. डोळे बारीक केलेले, मान किंचित तिरकी. तो कोणाचा चेहरा होता ते मला सांगायला नको. तिने काकाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि चेंडू शांतपणे जवळच्या मुलीकडे सरपटत दिला. त्या मुलीने दुसरीला दिला. दुसरीकडून तो हिसकावला गेला आणि गोल झाला. बरोबरी.

घरी येताना सई मागच्या सीटवर रडत होती. "बट काका, यू सेड नॉट ईव्हन यू."

"बरोबर केलंस बाळा," भाऊजी म्हणाले. "माणूस फितला हुता."

पुढच्या रविवारी सगळे पिझ्झा खायला जमले. मंडळींनाच आता कसंतरी वाटत होतं. पोरगी ऐन वेळी एवढी ठाम राहिली हे सान्यांच्याही मनाला लागलं असावं, कारण तेच म्हणाले की झालं गेलं विसरू, तुम्हीच शिकवा. भाऊजी मानेनात. "चार वर्षं मी तुमच्यावर नजर ठेवली," ते म्हणाले, "आणि तुमच्यातलं कोणी फुटलं नाही. फुटलो तो मी. ज्याच्यावर भरवसा नाही अशाच्या हातात मी क्लब देत नसतो." सान्यांनी हात जोडले, माझ्या नवऱ्याने दटावलं, काही उपयोग झाला नाही. पगारी कोच आला.

गेल्या वर्षीची, दोन हजार आठच्या शरदातली गोष्ट. शनिवारी पार्कच्या पार्किंग लॉटच्या अगदी टोकाला मला भाऊजींची गाडी दिसली. मैदानाकडे पाठ करून लावलेली, आणि हे आत बसून आरशातून सामना बघत होते. मी थर्मास घेऊन शेजारी जाऊन बसले. आरशात सगळ्यात लहान पोरांचा खेळ चालला होता. नवा कोच कडेने लांब मारा म्हणून ओरडत होता आणि ती गुडघ्याएवढी पोरं त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत चेंडू जवळच्याला देत होती. वाट मिळाली नाही तर मागे, पण गवतावरच. गोलमागे सई हाताची घडी घालून उभी होती.

भाऊजींचा चहा गार झाला. आरशावरची नजर न काढता ते म्हणाले, "वैनी, ही पोरं मी गेल्यावर आलीत. ह्यांना मी शिकवलेलं न्हाई."

"नाही," मी म्हटलं.

"मग ह्यांना कोणीतरी शिकवलंय," ते हळूच म्हणाले, आणि मला डोळे दिसू नयेत म्हणून खिडकीकडे वळले. "आतलंच कोणीतरी हाय. नजर ठेवायला पायजे."