होकार शोधणारी वंदना

फोन आला तेव्हा मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होते. वंदनाचा धाकटा भाऊ मिलिंद एवढंच बोलला, "बाई, ताई गेली." मी हातातला पेपर शेवटपर्यंत तपासला, मार्कही दिले. कुणाला किती दिले, ते आज आठवत नाही. त्याला आता काही आठवडे झाले.

आम्ही दोघी तेलंगणातल्या, आदिलाबादजवळच्या तलमडुगु गावच्या. एकाच बुद्धविहाराच्या अंगणात खेळलो, आदिलाबादच्या कॉलेजात एकाच बाकावर बसलो. मी मास्तरीण होऊन आदिलाबादला लागूनच्या मावल्यात स्थिरावले, ती हैदराबादला एका विमा कंपनीत अंडररायटर झाली. गावात तिला सगळे एजंटच समजायचे. लग्नकार्यात ती दिसली की आता पॉलिसी गळ्यात मारते म्हणून पाहुणे पंगत बदलायचे. ती हसायची. "अवं, मी इकत नाही. आलेला अर्ज वाचते. या मानसाची जोखीम कंपनीनं घ्यावं का नाही, कोनत्या अटीवर घ्यावं, ते ठरोते." मला वाटायचं, दिवसभर परक्यांची दुखणी वाचून हिला कंटाळा कसा येत नाही? आला नाही कधी.

एकदा माझी जुनी विद्यार्थिनी सुनीता रडत घरी आली. तिचं लग्न ठरलं होतं, नर्सची नोकरी होती, आणि वंदनाच्याच कंपनीनं तिचा विमा नाकारला होता. कारण, सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. बातमी सासरी पोचली आणि तिकडे कुजबूज सुरू झाली. मी वंदनाला फोन लावला. "तुही ओळख म्हनून काई होनार नाही," ती आधीच म्हणाली, "पोरीला म्हन, फेरतपासनीचा अर्ज कर. मंग रिपोर्ट काय म्हनते ते पाह्यते." रिपोर्ट म्हणत होता, सुनीता वाहक आहे, रोगी नाही. कंप्युटरनं दोघांना एकाच खान्यात टाकून नकार काढला होता. साहेब तिला म्हणाले, प्रमोशन तोंडावर आहे, मशीनच्या निर्णयात कशाला हात घालता? तिनं घातला. डॉक्टरचं मत मागवलं, कारणं लिहून वर पाठवली, वरून शंका आल्या तशी उत्तरं देत राहिली. सुनीताला विमा मिळाला, तोही नेहमीच्या अटींवर. मग सासरचे नरमले, तारीख काढू म्हणाले. पण आता सुनीताच नाही म्हणाली. वंदनाला मी हे सांगितलं तेव्हा ती किती तरी वेळ हसत होती. तिचं प्रमोशन मात्र त्या वर्षी झालं नाही. त्याबद्दल ती माझ्याजवळही कधी बोलली नाही.

मागच्या हिवाळ्यात मी तिला आमच्या शाळेत बोलावलं. दहावीच्या मुलांना नोकऱ्यांविषयी सांग म्हटलं. तोवर साधे अर्ज सगळे कंप्युटरकडे गेले होते, तिच्या ऑफिसच्या हॉलमधली निम्मी टेबलं रिकामी झाली होती. एका मुलीनं नेमकं तेच विचारलं, "मॅडम, कंप्युटरच करून राह्यला, तं आमी हे काऊन शिकावं?" वंदनानं खोटा दिलासा दिला नाही. "जागा कमी होनार, हे खरं. सोपं काम मानसाच्या हाती राहनार नाही. पन अवघड फाईल कोनाला तरी वाचाच लागते. नाही म्हनायले मशीनले येळ लागत नाही. हो कसं म्हनता येईल, ते शोधाले मानूस पायजे. गनित शिका, शरीर कसं चालते ते शिका, आनि समोरच्याचं आयकाले शिका." ती मुलगी आता इंटरला, म्हणजे अकरावीला आहे, गणित घेतलंय.

त्या दिवशी जिन्यावर तिला दम लागला. थंडीनं, म्हणाली. पुढचे रिपोर्ट तिनं स्वतःच वाचले. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दवाखान्यात मी उशाशी बसले होते, तर ती मावल्यातल्या आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेबद्दल बोलत राहिली. "रिटायर झाली का तिथं घर बांधतो आपुन. तुह्या भिंतीले भिंत लावून. मंग भांडू रोज." मी हो म्हटलं. दोघींनाही माहीत होतं... तरी खिडक्या कुठल्या बाजूला ठेवायच्या, हेही आम्ही ठरवलं. आता अंगणात कपडे वाळत घालताना त्या जागेकडे नजर जाते. रानतुळस माजली आहे तिथे.

परवा मिलिंदसोबत तिची हैदराबादची खोली रिकामी करायला गेले होते. येताना बसमध्ये डोळा लागला. जागी झाले तर बाहेर नेरडीगोंड्याची दुकानं. वंदना घरी यायची तेव्हा बरोबर इथून फोन करायची, "नेरडीगोंडा आलं वं, भाकरीचं पाह्य." मी पीठ मळायला घ्यायची, तासाभरानं ती दारात आणि पहिली भाकर ताटात. मी पर्समधून फोन काढला, घरी लावला. ह्यांनी उचलला.

"नेरडीगोंडा आलं," मी म्हटलं.

 हे म्हणाले, "ये. मी पीठ मळून ठेवतो."