भागाबाईंचं पारडं हलेना

तुमच्या घरात जन्मतःच गेलेलं मूल किती वजनाचं होतं, सांगू शकाल? नाही ना? देवाची मर्जी म्हणालात, पुरून आलात आणि हात धुतलेत!

रागावू नका. मी भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांतली नाही. माझे वडील बुवाबाजीविरुद्ध पत्रकं छापून फुकट वाटायचे. मी अक्षरं गिरवली तीच त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. अंगात येणं, करणी, उतारा... या सगळ्यांवर मी आजही थुंकते. तरीही हे लिहिते आहे, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. भर सकाळी.

लढाई पेटायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. लोणावळ्यात, तुंगार्लीच्या एका लहानशा बंगल्यात, इंदूताई नावाच्या डॉक्टरीणबाई राहत. मावळातली बाळं जन्मताना केवढी असतात, त्यांतली कोणती जगतात, कोणती जातात नि का जातात, हे शोधून काढायचा त्यांनी ध्यास घेतला होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. त्यांच्या मदतीला लागले.

पहिली अडचण वजनाचीच. बाळ जोखू द्यायला कुणी तयार होईना. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, "पोर म्हंजी काय गुळाची ढेप हाय व्हय, लोखंडानं जोखायला? दिष्ट लागंल की!"

इंदूताईंनी वाद घातला नाही. लोखंड नको ना? मग एका पारड्यात बाळ आणि दुसऱ्यात त्याच घरचे तांदूळ. ते ओंजळीनं टाकायचे बाळाच्या आजीनं. नंतर तेवढेच तांदूळ ओसरीवर नेऊन आम्ही लोखंडी वजनांनी जोखायचो आणि त्यांचीच पेज बाळंतिणीला द्यायचो. बायकांना हे इतकं आवडलं की आज्यांमध्ये चढाओढ लागली. "आमच्या नातवाला लय तांदूळ लागलं, तुमच्या परास!"

त्या दिवशी आम्ही कार्ल्याजवळच्या एका वाडीत होतो. भात कापणी चालू होती. ठकू नावाची बाई अडली होती. तिची आधीची दोन्ही बाळं बाळंतिणीच्या खोलीतूनच गेलेली. सासू भागाबाई उंबऱ्यात पदर तोंडाशी धरून बसली होती.

मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच. अंगानं निळी, आवाज नाही. इंदूताईंनी तोंड साफ केलं, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली... पुन्हा पुन्हा. शेवटी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. मग मान हलवली.

ठकूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. भागाबाई फडकं शोधायला उठली. तेवढ्यात इंदूताई म्हणाल्या, "तागडी लाव गं. हिला जोखूया."

भागाबाई उसळली. "मेलेलं जोखता? लाज न्हाई वाटत, बाई?"

"मावशी, जगलेलीच तेवढी मोजली तर गेलेली का गेली हे कुणाला कळणार? हीपण आली होती. हिचं वजन मला हवंय."

"आन् त्ये तांदूळ कोन खाईल?"

"चिमण्यांना टाका."

"जोखू द्या, आत्याबाई," ठकू भिंतीकडूनच बोलली. "तेवढं तरी व्हऊ द्या तिचं."

मी तागडी तुळईला टांगली. इंदूताईंनी पारड्यात ऊन केलेलं फ्लॅनेल घातलं. जिवंत बाळासाठी घालायच्या तसंच, घडी न मोडता. त्यावर मुलीला ठेवलं. मूठभर जीव. भागाबाईनं रडत रडत ओंजळ टाकली. दुसरी टाकली. पारडं हललं नाही. सूप रिकामं झालं... तरी मुलीचं पारडं खालीच!

"दांडी अडकली," मी म्हणाले. हात लावून पाहिलं; मोकळी होती. पाटी आणली. तीही ओतली. एखाद्या धट्ट्याकट्ट्या बाळालाही लागणार नाहीत इतके तांदूळ झाले.

भागाबाईचा हात थांबला. "जाईना ती," ती पुटपुटली. "कुनीतरी धरून बसलंय तिला."

"काही धरलेलं नाही," इंदूताई वैतागून म्हणाल्या आणि पारड्याखाली बघायला वाकल्या. त्यांचा चेहरा बाळाच्या छातीशी आला. त्या थबकल्या, तिथे कान टेकवला. मग होत्या तिथेच गुडघ्यांवर बसून त्यांनी पुन्हा फुंकर घातली. एकदा. परत एकदा.

मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला.

त्याच क्षणी तांदळाचं पारडं धाडकन खाली आदळलं आणि मुलीचं वर उचललं गेलं, थेट इंदूताईंच्या हातांत!

नंतर जोखली तेव्हा थोड्याशा ओंजळी पुरल्या. तीच तागडी, तेच तांदूळ. इंदूताईंनी दुपारभर ती दांडी अडकवून बघायचा प्रयत्न केला, अडकली नाही. लोणावळ्याच्या वाण्याकडे तपासली, चोख निघाली.

वाडीतल्या बायकांनी तागडीला हळदकुंकू लावलं. इंदूताईंनी ते ओल्या फडक्यानं पुसलं. "वजन चुकेल ना माझं!" सगळ्या हसल्या. मी मात्र विचारलंच, "ताई, हे काय होतं?"

त्या म्हणाल्या, "श्वास उशिरा येऊ शकतो. माझ्या कानानं चूक केली असेल, ती मी मान्य करते. पारड्याचं मला कळत नाही. कळत नाही तर तसंच म्हणायचं. देवी म्हणायचं नाही आणि घडलंच नाही असंही म्हणायचं नाही."

या एका वाक्यासाठी मी त्या बाईपुढे मान झुकवते. एरवी कुणापुढे झुकवत नाही. ती मुलगी आज शेळ्यांमागे धावते आणि भागाबाईला दमवते. पारड्याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

पण तुमच्याकडे माझं मागणं आहे. तुमच्या घरी बाळ जन्मलं आणि रडलं नाही, तर लगेच फडकं ओढू नका. तोंड पुसा, ऊब द्या, पाठ चोळा, डॉक्टरला बोलावणं धाडा. आणि एवढं करूनही ते गेलं, तरी जोखायला आलेल्या बाईला दारातून परतवू नका. तिला आत घ्या, बसायला पाट द्या आणि बाळ तिच्या हातात द्या.