मामांच्या विहिरीचं पाणी

तुम्हाला म्हणून सांगते — हे नवऱ्यालाही ठाऊक नाही. दरवर्षी वर्गात बेडकाचा भ्रूण शिकवते, आणि दरवर्षी एका जागी फळ्याकडे तोंड वळवते.

जालन्याला एम.एस्सी. करत होते तेव्हाची गोष्ट. बेडकाचा भ्रूण अंड्यातल्या अंड्यात सावकाश गोल फिरतो. हातपाय नाहीत, शेपूट नाही — मग फिरवतं कोण? त्याच्या कातडीवरचे बारीक केस, सिलिया. साध्या डोळ्यांना दिसतही नाहीत. माझा अख्खा प्रकल्प त्यांच्यावर उभा होता.

शहरातल्या नळाला क्लोरीनचा वास. ते पाणी भ्रूणांना चालत नाही. म्हणून आमच्या प्रयोगशाळेतले शिपाईमामा वाटूरहून आपल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये आणायचे. एसटीत, मांडीवर धरून. कुणी सांगितलं होतं त्यांना एवढं? बिचारे रोजंदारीवर होते, कायम करायचा कागद विभागप्रमुख सरांच्या टेबलावर पडून होता.

एका शनिवारी मामांची गाडी चुकली. मला गावी जायची घाई. मी — मी भ्रूणांच्या बश्यांमध्ये नळाचं पाणी ओतलं. एका वेळेनं काय होतंय, म्हटलं. आणि निघून गेले.

सोमवारी एकही भ्रूण फिरत नव्हता. पांढरे पडून तळाशी बसले होते. शेजारी मामांचा कॅन, शनिवारी मी गेल्यावर मागच्या गाडीनं येऊन ठेवलेला, काठोकाठ भरलेला — जुना गळत होता म्हणून घरचा दुसरा आणला होता त्यांनी. सर यायला पाच मिनिटं असतील. मी तो कॅन सिंकमध्ये रिकामा केला, त्यातलंच पाणी बश्यांत ओतलंय असं दिसावं म्हणून.

हो, केला. विचार करून केला.

सरांनी कॅन हुंगला. फवारणीचा दिसतोय, म्हणाले. मामा शपथा घेत राहिले, "पिण्याच्या पाण्याचा हाये सर, बिलकुल साफ." मी कुठं बघत होते? सूक्ष्मदर्शकात. फार तर माझं एक वर्ष गेलं असतं. एवढ्यासाठी एवढी भ्याले मी?

मामांचा कागद पुढं गेलाच नाही. महिनाअखेरीस त्यांना काढलं.

जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. मान खाली.

"ताई, म्या घरी इचारलं. कव्हा तरी औषध भरलं आसंल त्या कॅनात, कुणालाच नीट याद न्हाई. माझ्यापायी तुमची पिल्लं मेली. माफ करा."

"जाऊ द्या मामा," मी म्हटलं. "होतं असं."

माफ केलं मी त्यांना.