सुमनचे डोळे

“सीट राखीव, शिष्यवृत्ती राखीव. आता माझ्या पेपरातही तुला राखीव जागा पाहिजे का?”

सर हे सगळ्यांसमोर बोलले. चहाची वेळ होती. बरोबरचे डॉक्टर हसले. मी एवढंच विचारलं होतं, सर, संशोधनाच्या पेपरात माझं नाव राहून गेलं का?

राहून गेलं नव्हतं. गाळलं होतं.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी शहरातल्या मेडिकल कॉलेजात एम.डी. करत होतो. गाव वाशीमकडचं, मेडशीच्या पुढे. सर माझे गाईड, त्यांचं संशोधन रक्ताच्या आजारावर. त्यात पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि माणूस हाडं धरून ओरडतो. आमच्या बौद्ध वस्तीत तो आजार घरोघरी. माझ्या घरातही. माझी धाकटी बहीण सुमन.

वस्तीतलं रक्त मी गोळा केलं. माझ्या तोंडाकडे पाहून लोकांनी हात पुढे केले. सर एकदाच आले, जीपनं, फोटो काढायला. घोट्यावरची न भरणारी जखम दिसावी म्हणून सुमनला परकर जरा वर धरायला लावला. ती लाजली.

मायनं मला बाजूला घेतलं. “फोटो काहाले पाह्यजे?”

“सायब औषध शोधून राह्यले, माय.”

मायनं चहा केला. सर म्हणाले, पोट बरं नाही. मग जीपपाशी उभं राहून थर्मासमधला चहा प्याले. मायनं पाहिलं. चुलीजवळ जाऊन बसली.

सुमन त्याच उन्हाळ्यात गेली.

पेपर विलायतेच्या मासिकात छापून आला. नाव एकट्या सरांचं. शेवटी आभार, ‘एका स्थानिक मदतनीसाचे’. तो मी. वस्तीच्या वर्णनात आमची जुनी जात. आमच्या घरानं धम्म घेतला, ती जात टाकली, तेव्हा मी शाळकरी होतो. सरांनी ती पुन्हा आमच्या कपाळावर छापली. आणि पानाच्या मधोमध सुमन. परकर धरलेली. डोळ्यांवर ओळख लपवायला छापलेली काळी पट्टी.

मग कार्डं यायला लागली. तेव्हा पेपर हवा असला की परदेशातले डॉक्टर कार्ड टाकून प्रत मागवायचे. प्रती पाठवायचं काम सरांनी मलाच दिलं. मी पाकिटात सुमनला घालायचो. पाकीट बंद करायचो. वर पत्ता लिहायचो. कुठली कुठली शहरं. जिवंतपणी तिनं रिसोडचा बाजारसुद्धा धड पाहिला नव्हता.

पुढे दुसऱ्यांच्या पेपरांत सरांच्या पेपराचा दाखला येऊ लागला. कुणी कुणाचा दाखला दिला ते सांगणाऱ्या लायब्ररीतल्या जाड सूचीत सर बोट फिरवत बसायचे. “पाहा, आपला दाखला कुठवर पोचला.” आपला म्हणायचे. एका इंग्रजी पुस्तकात तर फोटोच उचलला होता. मी पान उलटलं आणि ती समोर. खुर्ची सोडून मी बाहेर आलो.

ती स्वप्नातही पट्टीसकट यायची. मी पट्टी काढायला जायचो. खाली काहीच नसायचं. तिचे डोळे कसे होते ते मला आठवेना. घरात तिचा दुसरा फोटो नव्हता.

सुटीत गावी गेलो तर मायनं विचारलं, “त्या सायबानं औषध काढलं का रे?”

“नाई.”

“मंग काय काढलं?”

मी पिशवी भरायला घेतली.

परत आलो तर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज गोड होता. “दुसरा पेपर करू. त्याच वस्तीतलं रक्त आण. या वेळी तुझंही नाव टाकतो, शेवटी कुठेतरी.”

नाव. मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू?

“आणि तिथं उपचार, सर?”

“आपण पेपर लिहितो. धर्मादाय दवाखाना चालवत नाही.”

“मी नाई आणत,” मी म्हणालो. कॉलेजात जपून बोलायचो. त्या दिवशी घरची बोली निघाली.

“परीक्षेला बसायचंय ना?”

“बसीन. पण रक्त नाई आणत.”

त्यांनी मला नापास केलं. मी पुन्हा बसलो नाही. आमच्याच भागात सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलो. बरं करणारं औषध माझ्याकडेही नव्हतं. गोळ्या देतो, भरपूर पाणी पाजायला सांगतो, कळ उठली की सुई टोचतो. तरी पोरं जातात. मागच्या पावसाळ्यात एक गेलं, माझ्या हाताखाली. सर मोठे झाले. त्यांचे सत्कार होतात.

गेल्या महिन्यात एक जीप आली. तरुण डॉक्टर, सरांचेच विद्यार्थी, सुया-नळ्या घेऊन. वस्तीच्या वाटेवर मी त्यांना थांबवलं.

“ज्याचं रक्त घ्यान त्याले रिपोर्ट आणून द्या. त्याले कळ उठली का इलाजाले या. त्याले इचारल्याबिगर फोटो नाई. पेपरात जात लिवाची नाई.”

“सरांनी असं काही सांगितलं नव्हतं,” त्यातला एकजण म्हणाला.

“मी सांगून राह्यलो.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे. जीप आल्या वाटेनं परत वळली. धुरळा खाली बसेपर्यंत मी वाटेतच उभा होतो. दुसरी जीप येईल. तिलाही वस्तीत जायचं तर हे कबूल करूनच जावं लागेल.