धुक्यातली अस्वलीण

नंदिनी सबनीस घाबरट आहे, हे टोकियोच्या नीशी-कासाई भागातल्या मराठी मंडळींत सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे ती डोंबिवलीहून टोकियोला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात भूकंपाचा धक्का बसला. त्यानंतर कितीतरी महिने ती उशाशी चपला ठेवून झोपायची. पुढे भाषा आली, कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ नोकरी लागली, दुकानातल्या बायका तिला ‘नंदिनी-सान’ म्हणून हाका मारू लागल्या. भीती मात्र गेली नाही. दर वर्षी टीव्हीवर अस्वलांच्या बातम्या सुरू झाल्या की ती आवाज बंद करायची आणि चित्रं मात्र बघत बसायची.

चारुदत्त, तिचा नवरा, अगदी उलट. पन्नाशी ओलांडल्यावर त्याला पक्षी बघायचं वेड लागलं होतं. ऑफिसातल्या कोणीतरी त्याला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. ओदाईगाहाराच्या डोंगरावर, फुलापुढे हवेत थांबून मध पिणारा इवलासा जीव.

‘‘हमिंगबर्ड! जपानमध्ये!’’ तो घरी येऊन म्हणाला.

क्योतोला कीटकांवर पीएच.डी. करणारी त्यांची मुलगी अक्षया फोनवर हसली. ‘‘बाबा, जपानमध्ये हमिंगबर्ड नाहीत. तो पतंग आहे. तसाच उडतो, तशीच लांब सोंड असते. पण बघण्यासारखा आहे, नक्की जा. आणि आई, तिथे वर्षभर ढग उतरतात हं, वाट सोडू नका. थोडी अस्वलंही आहेत. घंटी लावा.’’

नंदिनीने ‘थोडी’ हा शब्द ऐकलाच नाही. तरी ती गेली. त्याला एकट्याला पाठवायची भीती जास्त होती.

जुलैअखेरीची सकाळ होती. बस डोंगरावर पोचली तेव्हा ऊन होतं. आत शिरताच झाडं, दगड, पडलेले ओंडके सगळं शेवाळाने हिरवं झालेलं. कुठूनतरी कोमादोरी पक्षी घोडा खिंकाळावा तसा ओरडला. हरणाची एक मादी त्यांच्याकडे बघत शांतपणे चरत राहिली. चारुदत्त लहान मुलासारखा खूश झाला. नंदिनीच्या सॅकला घंटी होती. त्याने स्वतःची काढून खिशात टाकली. म्हणे घंटीने पक्षी उडतात.

मग त्याला तो पतंग दिसला. वाटेच्या खालच्या अंगाला जांभळ्या फुलांवर एक करडा-नारिंगी ठिपका थरथरत होता.

‘‘दोन मिनिटं,’’ म्हणत तो लाकडी कठड्याखालून वाकून उतरला.

‘‘अहो, वाट सोडायची नाही म्हणाली ना अक्षया!’’

‘‘इथेच तर आहे.’’

तेवढ्यात ढग आला. पलीकडची झाडं गेली, मग फुलं, मग त्याची पिवळी टोपी. नंदिनीला स्वतःचे बूटच काय ते दिसत होते.

‘‘अहो!’’ तिने हाक मारली. ‘‘अहो!’’ धुक्याने आवाज गिळला. शेवटी लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याचं नाव घेऊन ओरडली, ‘‘चारुदत्त!’’

खालून, वाटलं होतं त्यापेक्षा दुरून, आवाज आला. ‘‘घसरलो गं! पाय मुरगळलाय, उठता येत नाही. इकडे ये.’’

ती कठड्याला धरून खाली उतरली. कमरेएवढ्या बुटक्या बांबूतून चाचपडत थोडी गेली, आणि पुढचा बांबू खसखसला. हरीण असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. धुकं जरासं हललं. समोर काळी पाठ होती, ओली, रुंद. शेजारच्या झाडाच्या बुंध्याला एक पिल्लू चिकटलेलं होतं.

ओरडायचं नाही, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. बातम्यांतल्या चित्रांखाली वाचलेलं सगळं नंदिनीला आठवलं.

‘‘नंदिनी, आलीस का?’’ पलीकडून चारुदत्त ओरडला. अस्वलिणीने त्याच्या दिशेला मान वळवली.

‘‘अगं, कुठे आहेस?’’

मान आणखी वळली. अस्वलीण एक पाऊल त्याच्याकडे गेली. तो उठू शकत नव्हता आणि त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

मग नंदिनी बोलू लागली. हळू आवाजात, मराठीत, कारण दुसरी कुठलीच भाषा तेव्हा सुचेना. ‘‘नाही गं बाई, त्याच्याकडे नको बघू. इकडे बघ. मी काही करत नाही तुझ्या बाळाला. घे त्याला, जा.’’ हात इतका थरथरत होता की सॅकचा पट्टा धरताच घंटी आपोआप वाजू लागली.

अस्वलिणीने तिच्याकडे तोंड केलं. नाकाने जोरात फुंकर सोडली. तिच्या श्वासाची वाफ नंदिनीला दिसली.

‘‘कोणाशी बोलतेयस?’’ चारुदत्तने विचारलं.

‘‘गप्प बसा,’’ ती त्याच हळू आवाजात म्हणाली. ‘‘अजिबात बोलू नका.’’

बहुतेक तेव्हा त्याला कळलं.

नंदिनी बोलत, नजर न काढता, एकेक पाऊल मागे सरकत राहिली. बुंध्यावर नखं खरवडल्याचा आवाज झाला, पिल्लू धपकन खाली पडलं. बांबूतली खसखस दूर उताराकडे गेली आणि थांबली. त्यानंतरही बराच वेळ नंदिनी तशीच उभी होती. काय पुटपुटत होती, ते तिला आजही आठवत नाही.

घंटीच्या आवाजाने वाटेवरून जाणाऱ्या मोरिता-सान नावाच्या वयस्कर बाई थांबल्या. दोघींनी मिळून चारुदत्तला बांबूला धरधरून वर ओढलं. तो बसला होता त्याच्या पुढे, चार हातांवर, जमीनच संपत होती. ढगामुळे त्याला ते दिसलं नव्हतं. मोरिता-साननी खाली एकदा पाहिलं आणि त्याची बाही घट्ट धरून ठेवली.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा गणपती आले होते. मराठी मंडळाच्या आरतीनंतर चारुदत्तने सगळ्यांना गोष्ट सांगायला घेतली. गोष्टीतलं अस्वल आता बरंच मोठं झालं होतं, लोक हसत होते. तेवढ्यात त्याचं लक्ष नंदिनीकडे गेलं. प्रसादाचं ताट तिच्या हातात खडखडत होतं, आणि ते खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं.

तो बोलता बोलता थांबला.

‘‘मग? पुढे काय झालं?’’ कोणीतरी विचारलं.

‘‘काही नाही. आलो परत,’’ तो म्हणाला आणि लंगडत जाऊन त्याने ताट तिच्या हातातून घेतलं.