नानांचे जळणारे पाय

खानदेशात उन्हापेक्षा तापट असं काही असेल, तर ते माझे मामेसासरे. बायकोचे हे मामा. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. पारोळ्याकडे कपाशीची शेती, अंगात जुना मधुमेह आणि त्याहून जुना संताप. घरी बिनसाखरेचा चहा आला की मामींवर ओरडत, आणि लग्नात चुकून गोड चहा मिळाला की, "माले मारतस का?" म्हणून यजमानांवर. एस.टी. वेळेवर आली तरी भडकत, कारण उशिरा येईल म्हणून रागावण्याची तयारी फुकट जायची.

पण खरा राग पायांचा. ना सूज, ना जखम, आणि आत म्हणे निखारे भरलेले. धुळ्याला आमच्याकडे आले की आधी पाण्याची बादली मागत आणि तीत पाय बुडवून जगाचा उद्धार करत. जळगावच्या एका बड्या डॉक्टरांनी त्यांच्या तळव्याला टाचणी टोचली. नानांना पत्ताच नाही! डॉक्टर हसले. "टोचलेलं कळत नाही, मग जळलेलं कसं कळतं हो? मनाचे खेळ आहेत." झालं. वाक्य सोयऱ्याधायऱ्यांत पसरलं. जो तो विचारू लागला, "काय नाना, शेगडी पेटली का आज?" त्या माणसांचा मला अजून राग येतो. दुखतंय म्हणणाऱ्याकडे पुरावा मागणारे हे कोण टिकोजीराव? नाना ओरडत, "मी काय याडा शे का? माले काय सोंग करानी हौस शे?" ओरडले की लोकांना आणखीच खात्री पटे.

हिवाळ्यात त्यांच्या शेतात भरीत असायचं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायचा मान नानांचा. दुसऱ्यानं वांगं नुसतं उलटलं तरी त्याची सात पिढ्यांची अक्कल निघे. जिथं अन्न शिजतं तिथं चप्पल नाही, हाही त्यांचाच कायदा. एका वर्षी ते असेच अनवाणी, मेव्हण्याला मिरच्या कमी पडल्याबद्दल झापत उभे होते. कसलासा वास आला. मामी किंचाळल्या, "आहो, पाय जळी ऱ्हायना तुमना!"

"तो ते रोजच जळस!" नाना त्यांच्यावरच खेकसले. "आज काय नवं शे?"

पाय निखाऱ्यावर होता. आम्ही ओढून बाजूला केला तरी त्यांचं मिरच्यांवरचं बोलणं चालूच होतं.

जखम चिघळली. धुळ्याच्या दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. तिथला तरुण डॉक्टर त्यांच्या खाटेवर टेकून म्हणाला, "नाना, साखरेनं पायाच्या नसा मारल्यात. खरी खबर वर पोचत नाही. पण मेंदू गप्प बसत नाही, तोही बदलत जातो. काही नसताना जळतंय असं सांगत राहतो. हे कसं होतं, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण तुमचं दुखणं खरं आहे."

आता नाना जळगावच्या डॉक्टरांचा उद्धार करणार, म्हणून मी सावरून बसलो. त्यांनी मान वळवून दारात जमलेल्या नातलगांकडे बघितलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हाई जरा जोरमा सांगा. बठ्ठा बाहेर उभा शेतस."

डॉक्टरनं मोठ्यानं सांगितलं. दारातले शेगडीवाले सोयरे खाली बघू लागले. मामींनी पदर डोळ्यांना लावला. मग नानांनी मला जवळ बोलावलं आणि पाय जळतायत म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं.