टाकीचं झाकण

नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली. पण सुरतेतल्या त्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या टाकीचं झाकण उघडलं तेव्हा जे पाहिलं, ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

मी मराठी, पण नोकरी गुजरात पोलिसांत; तेव्हा सुरतेजवळ कडोदऱ्याच्या बाजूला ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तोच नहरीत, म्हणजे कालव्यात, प्रेत असल्याची वर्दी आली. मृत इसम सुरतेच्या गोडादरा भागात राहणारा, मूळचा खानदेशचा, डाइंग मिलमधला कामगार. अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा केला. त्याच्या सदऱ्याची एक बाही फाटून गेलेली होती, नाकाकानांत काळा गाळ होता आणि गाळाला सडक्या अंड्यांचा वास येत होता. नहरीचं पाणी मात्र स्वच्छ होतं.

दवाखान्यात त्याची बायको अहिराणीत एवढंच म्हणाली, "साहेब, त्यासले पानीनी भीती वाटे. त्या नहरमा कसाले जातीन?"

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "तो नहरीत नाही मेला. मिलच्या सांडपाण्याच्या टाकीत गॅस लागला." फोन बंद.

मिलच्या सुपरवायझरला चौकशीला बोलावलं. हाही आपल्याच मुलखातला, विदर्भाचा. "काल तो कामावर आलाच नाही," हे एकच पालुपद. दमदाटीने असा माणूस आणखी मिटतो, हा माझा अनुभव. मी चहा मागवला आणि सहज विचारलं, "टाकीत गाळ काढायला उतरवता, तेव्हा कमरेला दोर बांधता की नाही?"

"दोर असता तर दुसरा कशाला उतरला असता, साहेब?"

बोलून गेला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी कप खाली ठेवला.

"दुसरा कोण?"

"काल सकाळी मजूर नाक्यावरून आणला होता. मराठवाड्याचा. हा आत कोसळला म्हणून तो वाचवायला उतरला."

"कुठे आहे तो?"

"आतच."

"मग याला काढलंत, त्याला का नाही?"

तो खाली बघून म्हणाला, "याची बायको शोधत आली असती, म्हणून नहरीत टाकला. त्याला विचारायला कोण येणार होतं?"

आम्ही पोहोचलो तेव्हा मिल चालू होती. झाकणावर कापडाचे तागे रचलेले, शेजारी माणसं कामाला लागलेली. अग्निशमन दलाचे जवान मास्क लावून उतरले. दुसरं प्रेत वर आलं तेव्हा त्याच्या मुठीत पहिल्याच्या सदऱ्याची फाटकी बाही होती.

सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणे या कलमांखाली मालक आणि सुपरवायझरला अटक झाली. कारखाना निरीक्षकांनी मिलला टाळं ठोकलं. आत उतरण्यापूर्वी गॅस तपासा, मास्क द्या, पट्टा बांधा, तोंडाशी माणूस उभा करा, असं नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यातलं एकही तिथे केलेलं नव्हतं.

हातावर गोंदलेल्या नावावरून दुसऱ्याचं गाव सापडलं. वडील आले. मी सगळं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "म्हंजी ज्याच्यासाठी उतरला, त्येची वळख बी नव्हती?"

"नव्हती," मी म्हणालो.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. ज्याची तक्रार येत नाही, तो माणूस हरवलेला नसतो असं नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत कुठल्याही कारखान्यात मृत्यू झाला, की मयताचं नाव विचारण्याआधी मी विचारायचो, "आत आणखी कोणी आहे का?"